पगार चालू असलेल्या आईबापाला दिव्यांग मुलासाठी काय मिळतं? (बेळगाव, खानापूर, निपाणी भाग)

मच्छेची_वैशाली
नमस्कार मंडळी. दिव्यांग मुलांच्या योजनांची यादी कुठंही मिळते, पण दोन ओळींनंतर 'दारिद्र्यरेषेखालील' असा शब्द येतोच. माझा प्रश्न त्याच्या वरच्यांचा. उद्यमबागेत फौंड्रीत २२-२५ हजारांवर असणारे, पतसंस्थेत, शाळेत, पोस्टात नोकरी करणारे. मूल आठ वर्षांचं, सेरेब्रल पाल्सी, यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं देशभर चालणारं ओळखपत्र) अजून नाही. अशा घराला सरकारी काय काय लागू पडतं आणि सुरुवात कुठून करायची? कृपया आकडे आणि कागद सांगा. 'देव बघेल' असं कुणी लिहू नये, ते घरातले सगळे सांगतात.

निपाणीचा_तंबाखू
एका ओळीत उत्तर: पगारदाराला 'पगार' मिळत नाही. 😀

मच्छेची_वैशाली
विनोद कळला, पण बाहेरगावच्यांसाठी सांगा की.

निपाणीचा_तंबाखू
आपल्याकडं मासिक पेन्शनला 'अपंग पगार' म्हणतात ना, तो. कर्नाटकाच्या या पेन्शनला वयाची अट नाही, मुलालाही मिळतो. पण उत्पन्नाची मर्यादा वर्षाला ३२,००० रुपये, आणि लहान मुलाच्या बाबतीत आईबापाचं उत्पन्न धरतात. वर्षाला हं, महिन्याला नव्हे. त्यामुळं पगाराची स्लिप असलेला कुणीही त्यात बसत नाही. रक्कम ४० ते ७४ टक्क्यांना ८०० रुपये, ७५ आणि वर १,४००, आणि ७५ किंवा वर बौद्धिक अपंगत्व असेल तर २,०००.

हिंडलगा_०८३१
तलाठ्याकडं जाऊन कमी उत्पन्नाचा दाखला काढायचा. सगळे काढतात. वर्षाला २४ हजार काय कमी आहेत काय?

सीए_नव्हे_क्लार्क
हिंडलगा, हा सल्ला कृपया कुणी घेऊ नये. दहा वर्षांपूर्वी चालायचं. आता नाडकचेरीतून (कर्नाटकातली महसूल कचेरी) निघणाऱ्या उत्पन्न दाखल्याला आधार जोडलेला असतो, रेशनकार्डावरचं अख्खं कुटुंब 'कुटुंब' नावाच्या राज्याच्या माहितीकोशात असतं आणि बापाचा पगार पॅनवर दिसतो. एका हातानं फॉर्म १६ (मालकानं दिलेला पगाराचा आणि कापलेल्या कराचा दाखला) आणि दुसऱ्या हातानं ३२ हजारांचा दाखला असं जमत नाही. पेन्शन थांबते, वर वसुलीची नोटीस. आणि तो दाखला पाच वर्षं चालतो, म्हणजे पाच वर्षं खोटं सांभाळत बसायचं. शाळेच्या स्कॉलरशिपला दुसरा आकडा दिलात की दोन्ही अडकतात.

हिंडलगा_०८३१
बरं बाबा, मागे घेतो. लोक करतात एवढंच सांगत होतो.

मलप्रभाकाठ
वैशालीताई, आधी यूडीआयडी. बाकीची सगळी कुलपं त्या एका किल्लीनं उघडतात. अर्ज स्वावलंबन पोर्टलवर, फुकट. मुलाचा फोटो, आधार, पत्त्याचा पुरावा, आणि सही करता येत नसेल तर अंगठा. हॉस्पिटल निवडायच्या जागी राहत्या जिल्ह्याचं. बेळगाव जिल्ह्यासाठी बीम्सचं (सरकारी मेडिकल कॉलेजचं) जिल्हा रुग्णालय. नंतर तपासणीची तारीख येते. त्या दिवशी जुनी फाइल न्या: जन्माच्या वेळचा डिस्चार्ज कार्ड, एमआरआय झाला असेल तर त्याचा रिपोर्ट, फिजिओथेरपीची नोंदवही. मेडिकल बोर्डापुढं मुलाला दहा मिनिटं बघतात, बाकी सगळं फाइल बोलते.

सेरेब्रल पाल्सीत एक गोष्ट मुद्दाम विचारायची. मुलाला हातापायांशिवाय बोलणं, ऐकणं, बुद्धी यातही अडचण असेल तर प्रत्येकाची वेगळी तपासणी करून एकत्रित टक्केवारी काढायला सांगा. नाहीतर फक्त हाडांच्या डॉक्टरांचा आकडा बसतो आणि तो कमी असतो. बुद्धीची चाचणी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट करतात, त्यांचा वार वेगळा असू शकतो. दोन फेऱ्या धरूनच चला.

गणेशपूर_गल्ली
टक्केवारीवरून आठवलं. ७५ आणि ८० मधली फट लोकांच्या लक्षात येत नाही. बौद्धिक अपंगत्वात सौम्य ५०, मध्यम ७५, तीव्र ९०, अतितीव्र १०० अशा पायऱ्या आहेत. 'मध्यम' ७५ वाल्याला राज्याच्या पेन्शनची वरची पायरी मिळते, पण आयकर खात्याच्या लेखी 'गंभीर' म्हणजे ८० आणि पुढं. कार्डाचा रंगही तसाच: ४० च्या खाली पांढरा, ४० ते ७९ पिवळा, ८० पासून निळा. म्हणजे एकच मूल, एका खात्यात वरच्या वर्गात आणि दुसऱ्यात खालच्या.

शहापूरची_साडी
माझी शंका. नणंदेच्या मुलाचं कार्ड गडहिंग्लजला झालंय, म्हणजे महाराष्ट्राचं. आता ती खानापुरात राहते. पुन्हा सगळं नव्यानं?

मलप्रभाकाठ
नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात कलम ५८ मध्येच लिहिलंय की दाखला देशभर चालतो. राज्य बदललं म्हणून पुन्हा बोर्डापुढं बसावं लागत नाही. फक्त आधारवरचा पत्ता आधी खानापूरचा करा आणि मग यूडीआयडीवर पत्ताबदलाचा अर्ज टाका, क्रम उलटा केला की अर्ज अडकतो. पण पेन्शन, बस पास, स्कॉलरशिप या राज्याच्या गोष्टी. त्या ज्या राज्यात राहता तिथल्याच.

कोवाड_फाटा
आणि उलटं पण सांगतो. सीमेपलीकडं काकाच्या पत्त्यावर संजय गांधी निराधार मिळेल असं सांगणारे एजंट आहेत. त्याला महाराष्ट्रात १५ वर्षं रहिवास लागतो. नादी लागू नका.

मराठा_मावळा_बेळगाव
८६५ गावांना महाराष्ट्रानं फुले जन आरोग्य योजना लागू केली त्याचं काय? ते आपल्याच हक्काचं आहे. इथं कर्नाटकच्या योजनांची आरती चाललीय.

कुंदा_स्पेशल
झालं. 🍿

धागापाल
सीमाप्रश्नासाठी वेगळे सतरा धागे आहेत. इथं योजनेची माहिती असेल तरच लिहा. मावळा, योजनेचा तपशील द्या, स्वागत आहे.

सीए_नव्हे_क्लार्क
मी देतो. २०२३ मध्ये महाराष्ट्र सरकारनं ती योजना ८६५ सीमाभागातल्या गावांना लागू करायचं ठरवलं, कर्नाटकानं हरकत घेतली, हे सगळ्यांना माहीत आहे. आपल्या प्रश्नापुरतं एवढंच बघा: ती हॉस्पिटलात दाखल करून केलेल्या ठरावीक उपचारांची योजना आहे. सेरेब्रल पाल्सीच्या घराचा खर्च आठवड्याला तीन वेळच्या फिजिओचा, बुटांचा, रिक्षाचा असतो. तो कुठल्याच दाखल-रुग्ण योजनेत बसत नाही, ना तिकडच्या ना इकडच्या आयुष्मान भारत आरोग्य कर्नाटकात.

त्यासाठी 'निरामय' बघा. उत्पन्नाची अट नाही, हे पहिलं. राष्ट्रीय न्यासाची (१९९९ चा कायदा) आरोग्य विमा योजना, वर्षाला १ लाखापर्यंत. चारच प्रकार: ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अपंगत्व आणि बहुविकलांगता. नुसतं कर्णबधिर किंवा नुसतं अंधत्व बसत नाही. दारिद्र्यरेषेवरच्यांना नोंदणी ५०० रुपये, नूतनीकरण २५०. खालच्यांना २५० आणि ५०. आधी वैद्यकीय तपासणी नाही, आधीपासूनचा आजार म्हणून नाकारत नाहीत. थेरपी आणि बाह्यरुग्ण खर्च धरतात, पण प्रत्येक सदराला वेगळी मर्यादा आहे. एक लाख म्हणजे लाखभर थेरपी असं समजू नका.

गणेशपूर_गल्ली
निरामयात कुठं फसतं तेही लिहा. विम्याचं वर्ष १ एप्रिल ते ३१ मार्च. फेब्रुवारीत काढलं तर दीड महिन्यात संपतं, फी पूर्णच. म्हणून कागद जानेवारीत जमवा आणि एप्रिलच्या तोंडावर काढा. आधी आपण खिशातून भरायचं, मग परत मिळतं. क्लेममध्ये सगळ्यात जास्त नाकारला जातो तो थेरपीचा खर्च. कारणं ठरलेली: डॉक्टरांची चिठ्ठी नाही. पावतीवर 'मार्च महिन्याची थेरपी ४,८००' असं एकरकमी लिहिलेलं. थेरपिस्टचा आरसीआय (भारतीय पुनर्वसन परिषद) नोंदणी क्रमांक नाही. पावती कशी हवी तर: मुलाचं नाव कार्डावर आहे तसंच, तारीखवार सत्रं (३, ५, ७, १०...), प्रत्येक सत्राचा दर, थेरपिस्टची सही, शिक्का, क्रमांक. आणि डॉक्टरच्या चिठ्ठीत 'आठवड्यातून तीन वेळा, सहा महिने' असं स्पष्ट.

फिजिओ_सदाशिवनगर
छोटी दुरुस्ती. आरसीआयकडं स्पीच थेरपिस्ट, क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, स्पेशल एज्युकेटर येतात. फिजिओथेरपिस्ट येत नाहीत. त्यामुळं फिजिओच्या पावतीवर तो क्रमांक मागून भांडू नका, आमच्याकडं तो नसतोच. आमचा पदवीचा आणि नोंदणीचा क्रमांक वेगळा, तो घ्या.

गणेशपूर_गल्ली
मान्य, सर. माझी चूक.

कुंदा_स्पेशल
आंतरजालावर चूक मान्य करणारा माणूस सापडला. स्क्रीनशॉट काढून ठेवतो.

अनगोळकर_एच_आर
फौंड्री, हॉटेल, गारमेंटवाल्यांसाठी. पगार २१,००० पर्यंत असेल तर ईएसआय (कामगार राज्य विमा) हीच तुमची सगळ्यात मोठी योजना आहे आणि तिला कुणी 'योजना' म्हणत नाही. कामगाराचे ०.७५ टक्के कापतात, मालक ३.२५ भरतो. साधारण मुलाला वयाची मर्यादा असते, पण शारीरिक किंवा मानसिक व्यंगामुळं पूर्ण अवलंबून असलेल्या मुलाला नाही. व्यंग आहे तोवर तो कुटुंबात धरला जातो. मात्र हे आपोआप होत नाही. मूल वयात यायच्या आधी त्याच्या नावापुढं व्यंगाची नोंद करून दाखला जोडावा लागतो, नाहीतर एके दिवशी दवाखान्यात कार्ड चालत नाही म्हणून सांगतात.

पगारवाढीचा घोळ: वर्गणीचे दोन हंगाम असतात, एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च. हंगामाच्या मधे पगार २१ हजारांवर गेला तर हंगाम संपेपर्यंत कपात चालूच राहते आणि त्या वर्गणीचा लाभ पुढच्या सहामाहीत मिळतो. एप्रिल ते सप्टेंबरची वर्गणी म्हणजे पुढच्या जानेवारी ते जून. म्हणून ऑपरेशन ठरलेलं असेल तर एचआरला विचारून वाढ मागे किंवा पुढे घ्यायची चौकशी करा. २०,९०० वरून २१,३०० झाल्याचा आनंद मुलाच्या टेंडन सर्जरीच्या बिलापुढं टिकत नाही.

मच्छेची_वैशाली
हे माहीत नव्हतं. आणि २१ च्या वरच्यांनी? पीएफमध्ये काही?

अनगोळकर_एच_आर
आहे, पण सदस्याच्या पश्चात. १९९५ च्या पेन्शन योजनेत कायमचं आणि पूर्ण अपंगत्व असलेल्या मुलाला २५ वर्षांची अट नाही, जन्मभर पेन्शन. मुलांच्या पेन्शनची किमान रक्कम महिना २५० आणि अनाथाची ७५०, म्हणजे आकडा छोटाच. पण त्यासाठी पीएफच्या यूएएन पोर्टलवर ई-नॉमिनेशनमध्ये मुलाचं नाव आज असायला हवं. अर्ध्या लोकांच्या नॉमिनेशनमध्ये अजून लग्नाआधीची आईच आहे.

आयकर_विवरण
आयकराचं ८०डीडी कलम (दिव्यांग अवलंबितासाठीची वजावट) अजून कुणी काढलं नाही? ४० टक्क्यांवर ७५,००० ची वजावट, ८० पासून पुढं १,२५,०००. खर्चाच्या पावत्या लागत नाहीत, ठोक वजावट. ३० टक्क्यांच्या पायरीवर १,२५,००० म्हणजे सेससकट ३९,००० रुपये वाचतात.

सीए_नव्हे_क्लार्क
कागदावर वाचतात. ही वजावट फक्त जुन्या करपद्धतीत आहे. नव्यात नाही. आणि २०२५-२६ या आर्थिक वर्षापासून नव्या पद्धतीत पगारदाराला १२ लाख ७५ हजारांपर्यंत कर शून्य. वैशालीताईंनी सांगितलेल्या घरांना ८०डीडीचा उपयोग शून्य.

वरच्यांचं गणित मांडतो. पगार १६ लाख धरा, मूल ८० टक्क्यांवर. नव्या पद्धतीत ७५,००० प्रमाणित वजावट जाऊन १५.२५ लाख, कर सेससकट १,१३,१००. जुन्यात ५०,००० प्रमाणित, ८०सी (पीएफ, विमा अशा बचती) चे दीड लाख, ८०डीडीचे सव्वा लाख काढून १२.७५ लाख उरतात, कर २,०२,८००. गृहकर्जाचं व्याज २ लाख लावलं तरी १,४०,४००. त्यात आणखी दीड लाख घरभाडे भत्त्याची सूट बसली (घर खानापुरात, नोकरीसाठी बेळगावात भाड्यानं) तरच १,०१,४०० होऊन जुनी पद्धत ११,७०० नं जिंकते. म्हणजे सगळे मासे एका गळाला लागले तर.

आयकर_विवरण
गणित बरोबर आहे, पण 'उपयोग शून्य' म्हणू नका. ज्यांना जुनी जमते त्यांच्यासाठी: ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बहुविकलांगता यांना फॉर्म १०-आयए लागतो, नुसता यूडीआयडी पुरत नाही. तो न्यूरॉलॉजिस्ट (मुलांसाठी बाल-न्यूरॉलॉजिस्ट) किंवा सरकारी दवाखान्याचे सिव्हिल सर्जन वा मुख्य वैद्यकीय अधिकारी यांच्याकडून. विवरणपत्राच्या आधी पोर्टलवर भरायचा. दाखला मुदतीचा असेल तर ज्या वर्षी मुदत संपली त्या वर्षापर्यंत वजावट, पुढं नवीन दाखला. कंपनीनं नव्या पद्धतीनं कापलं असलं तरी पगारदाराला विवरण भरताना पद्धत बदलता येते. आणि २०२५ च्या नव्या आयकर कायद्यात कलमांचे आकडे बदललेत, जुने फॉर्म डाउनलोड करून ठेवू नका.

दुसरी एक बारीक गोष्ट, दोन्ही पद्धतींत कामाची. अज्ञान (१८ खालच्या) मुलाच्या नावावरच्या ठेवीचं व्याज एरवी आईबापाच्या उत्पन्नात मिळवतात. आयकराच्या ८०यू कलमात सांगितलेलं अपंगत्व असलेल्या मुलाला तो नियम नाही, त्याचं व्याज त्याचंच. आजोबा पैसे ठेवणार असतील तर नातवाच्या नावावर ठेवू द्या.

निपाणीचा_तंबाखू
पण मुलांच्या शिक्षण भत्त्याला वर्षानुवर्षं दरमहा १०० रुपये करमाफ होते की. केवढी लूट. 😂

पोस्टमन_रिटायर्ड
तंबाखू, केंद्र सरकारच्या नोकरांना शिक्षण भत्ता खरोखर आहे, हसू नका. साधा महिना २,८१२ रुपये ५० पैसे, दिव्यांग मुलाला दुप्पट, ५,६२५. १ जानेवारी २०२४ पासूनचा दर. आपल्याकडं पोस्ट, रेल्वे, एमएलआयआरसीतले (मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र) नागरी कर्मचारी असे बरेच आहेत आणि कित्येक जण साधाच दर घेतात, कारण कार्यालयात यूडीआयडीची प्रत दिलेली नसते.

बालसंगोपन रजा, केंद्राची: आख्ख्या नोकरीत ७३० दिवस. महिला आणि एकल पुरुष दोघांना. मूल १८ वर्षांपर्यंतची अट दिव्यांग मुलाला लागू नाही. पहिले ३६५ दिवस पूर्ण पगार, पुढचे ३६५ दिवस ८० टक्के. वर्षात तीन वेळा (एकल आईला सहा वेळा). थेरपीच्या तुकड्या तुकड्यांसाठी ही घेऊ नका, त्याला अर्धा दिवस किरकोळ रजा बरी. ही ऑपरेशन आणि नंतरच्या प्लास्टरच्या काळासाठी राखून ठेवा.

बदली: ६ जून २०१४ चा कार्मिक विभागाचा आदेश आहे, दिव्यांग मुलाचा मुख्य सांभाळ करणाऱ्या कर्मचाऱ्याला नेहमीच्या बदलीतून सूट. ८ ऑक्टोबर २०१८ ला तो आणखी स्पष्ट केला. अर्ज बदलीचा आदेश निघायच्या आधी द्यायचा. निघाल्यावर दिला की 'प्रशासकीय कारण' हे दोन शब्द पुढं येतात.

तालुक्याची_शिक्षिका
काका, हे केंद्राचं. राज्याच्या शाळेतल्या आम्हा बायकांना २०२१ पासून १८० दिवस बालसंगोपन रजा आहे. दोन्हींचे नियम मिसळून अर्ज केला की हेडमास्तर परत पाठवतात, तेव्हा आपल्या आदेशाचा क्रमांक वर लिहून द्यायचा.

मराठा_मावळा_बेळगाव
खासगीत?

अनगोळकर_एच_आर
खासगीत अशा रजेचा कायदा नाही. मागायची ती शिफ्टची अदलाबदल, लेखी.

कंग्राळी_बीके
कुणी नावाच्या घोळाबद्दल लिहिलं नाही! इथले निम्मे अर्ज त्यात मरतात. उदाहरण घ्या. मुलाचं नाव ज्ञानेश्वर. मराठी शाळेचा मास्तर इंग्रजीत डी-एन-वाय नं सुरू करतो. कचेरीतला कन्नड ऑपरेटर जे-एन नं, कारण त्यांच्याकडं ते अक्षर इंग्रजीत तसंच लिहितात. दोघेही बरोबर, कॉम्प्युटरला मात्र दोन मुलं. लक्ष्मणचं एक्सनं आणि केएसएचनं, चौगुलेचं ओयू की एयू, आणि आडनाव आधी की शेवटी. जन्मदाखल्यात आडनावच नाही, फक्त बापाचं नाव. मग पोर्टलवर लाल अक्षरात 'नाव जुळत नाही' येतं आणि सायबर कॅफेवाला म्हणतो सर्व्हर डाउन आहे.

उपाय एकच: आधारला मूळ धरा आणि बाकीचे कागद त्याच्यामागं वळवा. आधारवर नाव जन्मात दोनदाच बदलता येतं, जन्मतारीख एकदाच. त्यामुळं एका टेबलावर जन्मदाखला, शाळेचा सॅट्स (राज्याची विद्यार्थ्यांची ऑनलाइन नोंद) क्रमांकाचा उतारा, रेशनकार्ड, बँक पासबुक मांडा, कुठलं स्पेलिंग सगळ्यात जास्त ठिकाणी आहे बघा, ते ठरवा, आणि मगच आधार केंद्रात जा. शाळेतलं दुरुस्त करणं दहावीच्या आधी सोपं, नंतर कोर्टकचेरी.

शहापूरची_साडी
+१. आणि नाडकचेरीचा फॉर्म कन्नडात. त्यात नाव कन्नडात ऑपरेटर स्वतःच लिहितो. प्रिंट काढायच्या आधी स्क्रीन फिरवून दाखवा म्हणायचं. आपल्याला वाचता येत नसेल तर शेजारच्या रांगेतल्या कॉलेजच्या पोराला विचारायचं, ती सांगतात आनंदानं.

मलप्रभाकाठ
आधारचं निघालंच तर: पाच वर्षं पूर्ण झाल्यावर आणि पंधराव्या वर्षी बोटांचे ठसे, डोळे पुन्हा द्यावे लागतात. सेरेब्रल पाल्सीच्या मुलाची मूठ उघडत नाही, मान स्थिर राहत नाही, मग मशीन नाकारतं आणि ऑपरेटर परत पाठवतो. नियमात 'बायोमेट्रिक अपवाद' म्हणून सोय आहे, फोटो घेऊन नोंद करतात. तो शब्द वापरून मागा. सकाळी, मूल ताजं असताना, आणि हात गार असतील तर आधी कोमट पाण्यात धरून.

खानापूर_जंगल
खेड्यातल्यांसाठी दोन माणसं लक्षात ठेवा. ग्रामपंचायतीला दिव्यांगांसाठी एक ग्रामीण पुनर्वसन कार्यकर्ता असतो, सगळे व्हीआरडब्ल्यू म्हणतात, आणि तालुक्याला एमआरडब्ल्यू. स्वतः दिव्यांग असलेलेच बहुतेक. फॉर्म, शिबिराची तारीख, बोर्डाचा वार त्यांना तोंडपाठ. दुसरा पीडीओ (पंचायत विकास अधिकारी). पंचायतीच्या निधीतला ५ टक्के दिव्यांगांसाठी राखीव असतो. लेखी अर्ज द्या, पोच घ्या, ग्रामसभेत विषय घालायला लावा. तोंडी मागितलं तर 'फंड संपला'.

फिजिओ_सदाशिवनगर
शिबिरावरून सांगतो. केंद्राच्या एडिप योजनेत व्हीलचेअर, सीपी चेअर, वॉकर, कॅलिपर मिळतात. इथं पगारदार बसू शकतो: महिना २२,५०० पर्यंत पूर्ण मोफत, २२,५०१ ते ३०,००० अर्ध्या किमतीत. वैशालीताईंनी लिहिलेल्या पगाराची घरं बरोबर यातच. तेच साधन पुन्हा तीन वर्षांनी मिळतं, पण १२ वर्षांखालच्या मुलाला एका वर्षानं. मूल वाढतं म्हणून.

आता खरं. शिबिरात हाताला लागेल ती खुर्ची उचलून आणू नका. मोठ्या माणसाच्या खुर्चीत आठ वर्षांचं मूल बसवलं की ते एका बाजूला कलंडतं, पाठीचा कणा वाकतो, एक खुबा वर सरकतो. वर्षभरात जे बिघडतं ते फुकटच्या खुर्चीपेक्षा महाग. घरी टेपनं मोजून जा. मुलाला कडक पाटावर ताठ बसवा. एक, कुल्ल्यांची रुंदी: बैठक तेवढीच, फार तर दोन बोटं जास्त. दोन, पाठीपासून गुडघ्याच्या लवणापर्यंत: त्यातून तीन ते पाच सेंटिमीटर वजा करा, ती बैठकीची खोली. तीन, गुडघ्याच्या लवणापासून टाचेपर्यंत, बूट घालून: ती पायटेकाची उंची. हे तीन आकडे कागदावर लिहून मोजमापाच्या दिवशी द्या. शिबिरं दोन टप्प्यांत असतात, आधी मोजमाप, काही महिन्यांनी वाटप. मोजमापाला मूल गेलंच पाहिजे, आजोबा एकटे जाऊन चालत नाही.

कुंदा_स्पेशल
टेप शिंप्याचा चालेल काय? (शिंप्याचाच आणतो.)

रेल्वेगेट_टिळकवाडी
प्रवास. रेल्वेत सोबतीशिवाय जाऊ न शकणारं मूल आणि सोबती दोघांना स्लीपर आणि थर्ड एसीला ७५ टक्के सूट, सेकंड आणि फर्स्ट एसीला ५०. उत्पन्नाची अट नाही. पण रेल्वेचं वेगळं ओळखपत्र लागतं, अर्ज ऑनलाइन, बेळगाव हुबळी विभागात येतं म्हणून तो विभाग निवडायचा. मिरज जवळ वाटलं तरी ती मध्य रेल्वे.

बस पास: वर्षाला ६६० रुपये, राहत्या ठिकाणापासून १०० किलोमीटर, राज्याच्या सेवा सिंधू पोर्टलवर अर्ज. निपाणी आरामात बसतं, कोल्हापूर नाही. सोबत आई असेल तर राज्यात तिला शक्ती योजनेत फुकट. बाप असेल तर तिकीट काढा.

निपाणीचा_तंबाखू
बापाला कुठलीच योजना नाही ही खरी अपंग... असो.

तालुक्याची_शिक्षिका
शाळा. ६ ते १८ वयाला मोफत शिक्षण, जवळच्या शाळेत किंवा निवडलेल्या विशेष शाळेत, दिव्यांग हक्क कायद्याचं कलम ३१. नववी-दहावीची केंद्राची शिष्यवृत्ती आईबापाचं उत्पन्न अडीच लाखांपर्यंत, राष्ट्रीय पोर्टलवर. समग्र शिक्षणातून शाळेत येऊ न शकणाऱ्या मुलाला घरी शिकवायला शिक्षक येतात, मुलींना महिना २०० रुपये दहा महिने. याला सॅट्समध्ये मुलाच्या नावापुढं अपंगत्वाचा प्रकार भरलेला हवा. हेडमास्तरांना विचारा, 'नोंद झाली काय' असं नको, 'स्क्रीनवर दाखवा' असं.

आयकर_विवरण
एक राहिलं. राज्याच्या २०२४-२५ च्या अर्थसंकल्पात सेरेब्रल पाल्सी, मस्क्युलर डिस्ट्रॉफी, पार्किन्सन, मल्टिपल स्क्लेरोसिस यांच्या काळजीवाहकाला महिना १,००० जाहीर झालेत. जिल्हा दिव्यांग कल्याण कार्यालयात चौकशी करा.

कंग्राळी_बीके
आणि अठराव्या वाढदिवसाची तयारी सतराव्यात. १८ झाल्यावर आईबाप आपोआप पालक राहत नाहीत, बँक अज्ञान खात्याचे व्यवहार थांबवते. निरामयच्याच चार प्रकारांना राष्ट्रीय न्यास कायद्यानुसार स्थानिक समिती कायदेशीर पालकत्व देते, अध्यक्ष जिल्हाधिकारी. ठेव नातवाच्या नावावर ठेवलेल्या आजोबांना हे आधी सांगा.

मच्छेची_वैशाली
मंडळी, हात दुखेपर्यंत उतरवून घेतलं. माझ्या मूळ प्रश्नाचा क्रम असा समजले: आधी आधारचं स्पेलिंग, मग यूडीआयडी, मग पगार २१ हजारांच्या आत असेल तर ईएसआयमध्ये मुलाची नोंद, जानेवारीत निरामयचे कागद, एडिपचं मोजमाप. पेन्शन विसरायची. बरोबर काय?

मलप्रभाकाठ
बरोबर. फक्त यूडीआयडीचा अर्ज स्पेलिंगसाठी महिनोन् महिने अडवू नका. आणि मुलाचं वय आठ म्हणालात ना? बुद्धीची टक्केवारी निघाली तर तो दाखला मुदतीचा येतो, पाच, दहा आणि अठरा या वयांना पुन्हा तपासणी. म्हणजे दोन वर्षांत परत बोर्ड. फाइल माळ्यावर टाकू नका.

हिंडलगा_०८३१
दाखल्याच्या रंगीत झेरॉक्स किती काढाव्यात?

शहापूरची_साडी
दहा. आणि मूळ कागद कुणाच्याही टेबलावर ठेवून चहाला जायचं नाही.